सर्व्हरच्या खोलीतली खिडकी

२३ सप्टेंबर, सोमवार

काम नेमकं काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर गोंधळ नको.

चौसाळ्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याला बायकांची सीताफळ कंपनी आहे. सभासद बाया डोंगरातून फळ आणतात, इथे त्याचा गर काढून गोठवतात आणि तो पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्याकडे जातो. प्रत्येक पिशवीवर गट क्रमांक लागतो : फळ कोणत्या गावचं, कधी आलं, कधी गोठवलं. मागच्या वर्षी जुन्या प्रोग्रॅमने दोन गट एकमेकांत मिसळले आणि अख्खी गाडी परत आली. म्हणून या हंगामापुरतं मला ठेवलं आहे. ठरवायचं एकच : नवीन सॉफ्टवेअर इथेच, स्वतःच्या मशीनवर बसवायचं, की क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी असलेल्या दुसऱ्याच्या मशीनवर ठेवून इंटरनेटवरून वापरायचं.

नोव्हेंबरअखेर मी मोकळी. पुण्यात दोन कंपन्यांकडे अर्ज केले आहेत. आधीच्या कंपनीने अर्धी टीम घरी पाठवली नसती तर मी इथे आलेच नसते.

राहायला अध्यक्ष सिंधुबाईंच्या घरची वरची खोली मिळाली. त्यांचे यजमान आश्रुबा मेंढरं राखतात. सिंधुबाईंनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे केला. "कुणाची गं तू?" मी वडिलांचं नाव, आडनाव, बीडमधली वस्ती, सगळं सरळ सांगितलं. बौद्ध आहोत हेही सांगितलं, नंतर कळण्यापेक्षा बरं. जेवणाचं मी वेगळं बघेन म्हणाले.

"कावून? आमच्या भाकरीला काटे हायेत?"

"तसं नाही."

"मग तिखट खाती का, तेवढं सांग."

खाते म्हणाले. इतकं तिखट खात नाही, हे जेवताना कळलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

विक्रेत्याने दोन्ही प्रकार चाचणीला दिले. सॉफ्टवेअर ऑफिसमधल्या नवीन मशीनवर चालेल आणि त्याची प्रत आपोआप क्लाउडवर जात राहील. संचालक बैठकीत मी तुलना मांडायची.

संध्याकाळी सिंधुबाईंना समजावून सांगितलं. क्लाउडवरचे विनोद इथे सगळ्यांचे करून झाले आहेत, नोंदवत नाही. त्यांनी मात्र एकही विनोद केला नाही. प्रश्न विचारले.

"मशीन इतं ठेवलं, आन् बिघडलं तर?"

"दुरुस्त करावं लागेल. बॅकअप बघावा लागतो, व्हायरस बघावा लागतो. इथे एक जाणकार माणूस कायम लागेल."

"कायम?"

"कायम. म्हणून हा मुद्दा मशीनच्या विरुद्ध जातो."

"आन् त्या दुसऱ्याला माणूस लागत न्हाई?"

"इथे नाही. कुठूनही बघता येतं."

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "आपलं मशीनच बरं गं."

मी कारण विचारलं. "आपलं ते आपल्या डोळ्यासमोर असावं," म्हणाल्या. उतारवयात माणसाचा दिसणाऱ्या वस्तूवर जास्त विश्वास असतो, असा माझा निष्कर्ष. बैठकीत याला उत्तर तयार ठेवायला हवं.

३० सप्टेंबर, सोमवार

मशीनसाठी, म्हणजे सर्व्हरसाठी, मी लहान, बंद, धूळ न येणारी खोली मागितली होती. खिडकी नको असं स्पष्ट सांगितलं होतं. आज सिंधुबाईंनी जी खोली रिकामी करून दिली तिला मोठी खिडकी आहे. बाहेर डोंगर आणि आश्रुबांची मेंढरं दिसतात. एक खुर्ची ठेवली आहे, तिच्यावर उशी. भिंतीला पिशवी अडकवायला खुंटी. आणि आरसा.

"सर्व्हरला आरसा कशाला, मावशी?"

"असावा."

"आणि उशी?"

"दिसभर बसून पाठ धरती."

मशीनजवळ दिवसभर कुणाला बसावं लागत नाही, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची खिडकीकडे थोडी वळवून ठेवली.

खिडकीला जाळी बसवून घेतली. एक छोटा एसीही लागला. बाकी खोली चालेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नोंदी घ्यायला योगिता माझ्या हाताखाली दिली आहे. घाटनांदूरची, लग्न होऊन इथे आली. बोटं वेगाने चालतात. मात्र मशीनला ती 'हे' न म्हणता 'ह्यो' म्हणते. "ह्यो आज लई गप हाय, म्याडम." "ह्याला धूळ सहन हुईना." सकाळी आल्यावर आधी ते पुसते, मग स्वतःचा घाम पुसते.

आज तिने विचारलं, ते गुरगुर कशानं करतं. आत पंखा आहे, मशीन तापलं की जोरात फिरतो, असं सांगितलं. "फार तापलं तर बंद पडतं. त्याला थंड ठेवायचं, एवढं लक्षात ठेव."

"थंड ठेवायचं," तिने म्हणून बघितलं.

फळाची आवक वाढली आहे. सीताफळाच्या खवल्यांमधल्या रेषा उकलून पांढरट झाल्या की इथे 'डोळे उघडले' म्हणतात. डोळे उघडल्याशिवाय तोडलेलं फळ पिकत नाही, काळं पडतं. सिंधुबाई क्रेटमध्ये हात घालून असलं फळ बाहेर काढतात आणि आणणारीला टोमणा देतात. "लेकराचे डोळे उघडायच्या आत पाळण्यातून काढलंस व्हय गं?" बाया हसतात, फळ परत नेतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. बीडला घरी. सकाळी विहारात गेलो, वंदना झाली. आईने पांढरी साडी नेसली होती.

काल निघताना सिंधुबाईंनी पितळी डबा हातात दिला होता. वर सीताफळं, खाली लाडू. "तुमचा मोठा दिवस हाय. आईला दे. फळं दोन दिसांनी खा म्हणावं, आता पिकलेली दिली तर वाटंत फुटतेल."

आईने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"कुणाकडं राहतीस म्हणलीस?"

सांगितलं.

"जेवण?"

"त्यांच्याच घरात. चुलीजवळ."

आईने डबा ओट्यावर ठेवला. तिच्या लहानपणी तिच्या गावात काय होतं, ते ती सहसा सांगत नाही, मीही विचारत नाही. संध्याकाळी तिने शेंगदाणे भाजून कुटले, लसूण घालून चटणी केली आणि तोच डबा गच्च भरून दिला. "दुसऱ्याचा डबा रिकामा देऊ नाही," म्हणाली. मग, "त्यांना म्हणावं तिखट कमी केलंय."

त्यांना कमी तिखट चालणार नाही, हे मी आईला सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याहून मेल. शुक्रवारी प्रत्यक्ष मुलाखत. सिंधुबाईंना सांगितलं. वाईट वाटेल असं काही नव्हतं, हंगामापुरतं काम हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

"जा की," म्हणाल्या. "शिकलेलं वाया घालवू नाही."

जेवताना मात्र त्यांनी संचालक बंकटरावांना फोन लावला. बंकटराव कंपनीत एकटेच पुरुष संचालक, चौसाळ्यात त्यांचं खताचं दुकान आहे. "बंकट, बैठकीत मशीनचंच धरून बसायचं. आपलं मशीन, आपल्या दारात. कळलं का? आन् मशीनला एक शिकलेलं माणूस लागतंय कायमचं, ते बी लिवून घ्यायचं ठरावात." फोन कानापासून लांब धरला तरी बंकटरावांचा आवाज येत होता. त्यांना सगळं मान्य होतं.

माझी तुलना जवळपास पूर्ण आहे. वीज, इंटरनेट, बॅकअप, सुरक्षितता, मनुष्यबळ. इथली वीज दिवसातून अनेकदा जाते, पण इंटरनेटही जातं. मशीन आणि क्लाउड यांत फरक थोडाच पडतो, तरी क्लाउड पुढे आहे. सिंधुबाई आकड्यांवर जात नाहीत. त्यांना या विषयात इतकं आग्रही होण्यासारखं काय दिसतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईच्या चटणीवर आश्रुबांनी वरून तिखट घालून घेतलं. सिंधुबाईंनी नाही घातलं. तशीच खाल्ली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. पुणे

घटना क्रमाने लिहिते.

मुलाखतीसाठी बसले होते. काचेची भिंत, फिकट सोफा, भांड्यात प्लास्टिकची झाडं. फोन थरथरला, सिंधुबाईंचा. तीनदा कापला. चौथ्यांदा बाहेर जाऊन उचलला.

"कावून उचलत न्हाईस? गाडी दारात उभी हाय, डायवर कागद मागायलाय, आन् मशीन मेलंय!"

मागे कुणीतरी रडत होतं. योगिता.

काय झालं ते तुकड्यातुकड्यांत कळलं. काल दुपारी खोलीतला एसी बंद पडला. मशीन तापलं, पंखा ओरडायला लागला. योगिताला माझं वाक्य आठवलं. तिने आणि आणखी दोघींनी मशीनच्या वायरी काढल्या आणि ते उचलून शीतगृहाच्या पहिल्या खोलीत नेलं, जिथे गर गोठवण्याआधी गार करतात. मग त्यांना वाटलं, ही थंडी त्याला बाधेल. म्हणून आश्रुबांची घोंगडी आणून त्यात गुंडाळलं. पावसात भिजलेल्या कोकराला गुंडाळतात तसं. रात्रभर तिथे ठेवलं. सकाळी बाहेर आणलं, तापलेल्या खोलीत घोंगडी सोडून तिच्यावरच ठेवलं आणि लगेच सुरू केलं. गार झालेल्या लोखंडाला गरम हवा लागली की आतून पाणी सुटतं. एक आवाज आला आणि धूर.

हे सगळं त्यांनी काळजीपोटी केलं. घोंगडी अगदी कडक थंडीशिवाय आश्रुबा कुणाला देत नाहीत.

मी परत सोफ्यावर बसून मोबाइलवर क्लाउड उघडला. काल दुपारपर्यंतच्या सगळ्या नोंदी तिथे होत्या. गाडीत जाणारा माल त्याच्या आधीचा होता. गट क्रमांकांचा कागद तयार करून योगिताच्या फोनवर पाठवला. तिने हायवेवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तो छापून आणला. मी फोनवरून एकेक क्रमांक वाचला, सिंधुबाईंनी तो ओरडून पुढे सांगितला, बायांनी पिशव्यांवर बोट ठेवून ताडून घेतला. सगळे जुळले. गाडी गेली.

मला आत बोलावलं तेव्हा समोर ठेवलेला चहा पार गार झाला होता.

मुलाखत चांगली झाली. दबावाखाली काम केल्याचा प्रसंग सांगा म्हणाले. आत्ताचाच सांगितला. घोंगडीचा भाग सांगितला नाही. ते हसले असते.

निष्कर्ष स्पष्ट आहे. क्लाउड चालतो. मी तिथे नसताना काम अडलं नाही. माझं म्हणणं सिद्ध झालं. जेवण गेलं नाही, प्रवासाचा शीण असावा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परत आले. मशीन टेबलावर उघडं पडलं होतं आणि भोवती बाया उभ्या, दवाखान्यात उभं राहतात तशा. योगिताने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

आत बघितलं. मदरबोर्ड जळला आहे. दुरुस्त होणार नाही. हमीपत्रात घोंगडीचा उल्लेख नसला तरी पाण्याचा आहे.

"म्याडम, तुमीच म्हणलं व्हतं थंड ठेव."

"हो. किती थंड, ते मी सांगितलं नव्हतं. चूक सूचनेत होती."

आश्रुबा दारात उभे होते, आत यायला तयार नव्हते. "कोकरू असतं तर वाचलं असतं," म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं, मग योगिताही हसली, नाक पुसत. मी हसले नाही. म्हणजे लगेच नाही.

सिंधुबाई हसल्या नाहीत. खिडकीपाशी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या माझ्याकडे बघत होत्या. "ते पुण्याला बसून केलंस का तू? समदं?"

"हो."

"इतं कुणी नसताना?"

"हेच मी पहिल्यापासून सांगत होते."

"व्हय. सांगत व्हतीस."

२१ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याचं नेमणूकपत्र आलं. काम माझ्या शिक्षणाला धरून आहे. दिवाळीनंतर रुजू व्हायचं, इथलं काम त्याआधी आटोपता येईल. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. आईला फोन केला. ती "चांगलं झालं" म्हणाली आणि मग म्हणाली, "त्यांचा डबा पोचला का?" पोचला म्हणाले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

संचालक बैठक. ही नोंद सविस्तर.

मी तुलना मांडली. सर्व मुद्दे, त्यांचे गुण, शुक्रवारची घटना. बंकटराव ठरल्याप्रमाणे उभे राहिले.

"म्याडमचं समदं खरं हाय. पण माणसानं आपली तिजोरी दुसऱ्याच्या घरी ठेवावी का? एक मशीन गेलं, दुसरं आणू. आन् त्याला एक शिकलेलं माणूस कायमचं ठेवू. ठरावात लिवा तसं." आणि त्यांनी शाबासकीच्या अपेक्षेने सिंधुबाईंकडे पाहिलं.

"बस खाली, बंकट."

"आता तुमीच तर..."

"मी काय म्हणलं व्हतं ते मला म्हाईत हाय. आता दुसरं म्हणायलेय. मशीन नगं. पोरगी म्हणती तेच करा."

बंकटराव बसले, पुन्हा अर्धे उठले. "कावून पण? परवापर्यंत तर मशीन, मशीन चाललं व्हतं!"

"चाललं व्हतं. मला वाटलं, मशीनला माणूस लागतंय. न्हाई लागत. गाडी गेली ना येवस्थित? मग झालं. ज्याला जायचंय त्याचा पाय कशाला बांधायचा डबड्याला."

बैठकीतल्या बायांनी हात वर केले. योगिता संचालक नाही, तरी दारातून तिनेही केला. ठराव मंजूर. माझी शिफारस जशीच्या तशी स्वीकारली गेली. असं क्वचित होतं.

डबडं म्हणजे मशीन. ज्याला जायचंय तो कोण, हे बंकटरावांनी विचारलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी चुलीजवळ. त्या भाकरी थापत होत्या, मी पीठ मळून देत होते. हल्ली मी हे करते, कधी सुरू केलं ते आठवत नाही. आश्रुबा आले, घडी केलेली घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली.

"पुण्याला थंडी असती म्हणं. ह्यो तर गेला बिचारा, आता तूच पांघर."

"तुम्हाला लागेल, काका."

"मला मेंढरं हायेत," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

घोंगडीला अजून मेंढराचा वास येतो, आणि एका कोपऱ्याला जळल्याचाही. मी ती नीट धरून बसले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून, खोलीतली खुर्ची आणि आरसा आता दुसरीकडे वापरता येतील, असं म्हणाले.

"ते मशीनसाठी नव्हतंच," सिंधुबाई म्हणाल्या. तव्यावरून नजर हलली नाही. "खिडकीतून डोंगर दिसला तर तू टिकशील वाटलं. येडीच मी. आता ऐक, इंजिनेर. डबड्यासाठी थांबू नको. माझ्यासाठी बी थांबू नको, मला चार सुना हायेत म्हणून समज."

त्यांना एकही सून नाही. मूलच झालेलं नाही.

"आन् थांबायचंच झालं," त्यांनी भाकरी माझ्या ताटात टाकली, "तर उगंच थांब. कारण काढून थांबलेलं माणूस कारण सरलं की जातंय."

धूर फार होता आज.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन याद्या करून बघितल्या : जावं, राहावं. जाण्याच्या बाजूला सगळे मुद्दे आहेत. राहण्याच्या बाजूला लिहिण्यासारखं काही सापडत नाही. चटणी, खुंटी, 'ह्यो' हे मुद्दे होत नाहीत.

याद्या मी दोनदा तपासल्या. बेरीज बरोबर आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

क्लाउडची मांडणी पूर्ण. जुन्या नोंदी हलवल्या, शीतगृहाचं तापमानही त्यालाच जोडलं, योगिता आता एकटीने गट काढते. ऑफिसला दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट जोडून घेतलं, एक गेलं तर एक राहील. संचालकांना दाखवलं. बंकटरावांनी स्वतःच्या दुकानात बसून शीतगृहाचं तापमान मोबाइलवर बघितलं आणि समोर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवलं.

"म्हंजी तुमी आता कुठूनबी काम करू शकता, न्हाई का म्याडम?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही."

"लंडनवरून?"

"लंडनवरून."

"चौसाळ्यावरून?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना विनोद करायचा होता, दुसरं काही नव्हतं.

"हो," म्हणाले. "चौसाळ्यावरूनही."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सर्व्हरच्या खोलीत आता सर्व्हर नाही. खुर्ची आहे, उशी आहे, खुंटीला माझी पिशवी, आरशात मागचा डोंगर. पाठीला घोंगडी घेतली आहे, सकाळी गारवा असतो. खिडकीतून मेंढरं उतरताना दिसतायत. मावशी खाली कुणालातरी कच्च्या फळावरून रागावतायत.

पुण्याला नकार कळवला. त्यांचा लगेच फोन आला. दुसरीकडून जास्त चांगली संधी मिळाली का? नाही. घरची अडचण? नाही. मग कारण काय, फॉर्ममध्ये भरावं लागतं म्हणाले. वैयक्तिक लिहा, असं सांगितलं.

हंगाम संपल्यावर इथे मला काम आहे का, किती आहे, कोणत्या अटींवर आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. हे माझ्या पद्धतीला धरून नाही.

खाली जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी हातातलं सीताफळ क्रेटमध्ये ठेवलं. "कावून?" म्हणाल्या.

"उगंच," मी म्हणाले.